मडमेची ओटी

शेंदूरजनाघाटात माणिकबाईचं नाव निघालं की ऐकणारा आधी हसतो आणि मग जरा सावरून बसतो. हसतो तो त्या ओटीच्या गोष्टीमुळं आणि सावरून बसतो बाईच्या तोंडाच्या धाकानं. तोंड असं की मजुरांनी दुपारची भाकर जरा लांबवली तर बांधावरून हाक यायची, "उठा बापा, जेवून राहिले का लगनात बसून राहिले?" पण हाताला गुण होता. संत्र्याची कलमं वाढवायची जी पन्हेरी, तिच्यात जंबेरीच्या रोपाला संत्र्याचा डोळा बांधावा तो माणिकबाईनंच. तिनं बांधलेला डोळा सहसा वाया जात नसे. नवरा अकाली गेला, पदरात एकच लेकरू, तेव्हा दीर म्हणाले, वहिनी, जमीन आम्ही सांभाळतो. तिनं त्यांना चहा पाजला आणि फाटकापर्यंत पोचवून दिलं. तेव्हापासून पन्हेरी तिचीच.

लेकराचं नाव देवीदास. म्हणायचं लेकरू, होता चांगला लग्न झालेला बाप्या. कामाला खमक्या, व्यसन नाही, पण एक खोड भारी. पाखरू दिसलं की स्वारी हरवली! बहाराच्या दिवसांत राघूंचे थवे बागेवर उतरायचे. देवीदासच्या हातात गोफण, गोफणीत दगड, आणि हा तोंड वासून वर पाहत उभा.

"अरे भैताडा, पाहून काय राहिला? मार ना!" माणिकबाई ओरडायची.

"माय, पाह्य ना, तो मांगचा म्हातारा हाय. बाकीचे त्याच्यासाठी थांबून राहिले."

आता अशा माणसाला काय म्हणावं?

दुसऱ्या लढाईचे दिवस होते ते. वरुडच्या बाजारात भरतीवाल्यांची मोटार यायची, भोंग्यावर गाणी लावायची, आणि गावोगावची तरणी पोरं छाती मोजून द्यायला रांगेत उभी राहायची. एकदा राघूंनी फळांनी लगडलेलं एक झाड पुरतं नासवलं आणि देवीदास त्याच झाडाखाली मान वर करून उभा सापडला. माणिकबाईचं डोकं फिरलं. ती म्हणाली, "तुह्यापरीस ते भरतीतले बरे! गोळी तरी चालवतात. जाय, तूबी जाय भरतीत!"

म्हणाली आणि जीभ चावली. कारण भरती हा शब्द त्या घरात कोणी उच्चारत नव्हतं. पहिल्या लढाईत तिचा सख्खा मोठा भाऊ किसनराव असाच भरतीत गेला होता. माणिकबाई तेव्हा नवी नवरी. "बसऱ्याले चाललो, येतो लवकर," म्हणून गेला, तो गेलाच. ना त्याची खबर आली, ना राख. तिची आई मरेपर्यंत दारात बसून राहिली. आणि आज तिनं आपल्याच तोंडानं आपल्या एकुलत्या एक लेकाला म्हटलं होतं, जाय भरतीत.  देवीदासनं गोफण खुंटीला टांगली आणि तो आत गेला.

त्याच सुमारास कोकणातल्या एका लहानशा संस्थानातून कलमांची मागणी आली. राजेसाहेबांना समुद्रकाठी संत्र्याची बाग करायची हौस आली होती. कलमांबरोबर जाणकार माणूसही हवा होता, झाडं मातीत रुजेपर्यंत तिथं राहणारा. देवीदास म्हणाला, "मी जातो." पोळ्याच्या आधी तो गेला. त्याची बायको शकुन दारात उभी राहून पाहत होती. माणिकबाईनं डोळा बांधायचं काम सोडून वर पाहिलं नाही, आणि पुढं कितीतरी दिवस तेच तिला खात राहिलं.

घरात लिहिणं-वाचणं कोणाला येत नव्हतं. निरोप काय तो येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडी. मुंबईच्या फळबाजारातल्या दलालाचा एक माणूस दर हंगामाला माल उचलायला यायचा. तो त्याच किनाऱ्याकडचा. कलमांची मागणी त्यानंच आणली होती. माघ सरता सरता मृगाचा बहार तुटू लागला आणि तो आला. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून कोळशावर चालणारी लॉरी, तिचा धूर साऱ्या गावभर. माल चढला, लॉरी सुरू झाली, आणि माणिकबाई तिच्या बाजूनं पळतपळत विचारते आहे, "अहो भाऊ, आमचा देवीदास कसा हाय?"

त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बरा आहे की! मध्ये भरतीत सापडला होता. शिपायांनी होडीत घालून बेटावर नेला. खाकी कपडे दिलेत त्याला. आता तिथंच असतो, आवडलंय त्याला!"

एवढं बोलून तो गेला. माणिकबाई धुरात उभी.

भरती. शिपाई. होडी. खाकी कपडे. यात न समजण्यासारखं काय राहिलं? शकुननं हंबरडा फोडला. माणिकबाई मात्र रडली नाही. ती ओसरीवर मटकन बसली आणि म्हणाली, "मीच धाडलं वं त्याले. ह्या तोंडानं धाडलं." मग थोड्या वेळानं उठली, पदर खोचला आणि तडक अब्दुल गफ्फारच्या घरी गेली.

गफ्फार बागवान, फळांचा व्यापारी, माणिकबाईच्या नवऱ्याचा जिवलग दोस्त. मुंबईच्या बाजाराच्या खेपा केलेला, म्हणून गावात शहाणा. त्यानं सारं ऐकून घेतलं, दाढी कुरवाळली. "भाभी, एक इलाज हाय. एकलौता पोट्टा असला का साहेब सोडते, असं म्या ऐकलं. साहेबले अंग्रेजीत सांगायचं, ओन्ली सन."

"काय?"

"ओन्ली सन. म्हणजे एकुलता एक."

"ओनलीसन," माणिकबाई म्हणाली. "ओनलीसन. चाल, गफ्फारभाऊ. उद्याच निघू."

गफ्फारची बायको कुलसुमबी म्हणाली, "जाव, जाव. दुकान मैं देखती." आणि शकुनला सोबत म्हणून ती आपली वळकटी घेऊन माणिकबाईच्या घरी झोपायलाच आली.

माणिकबाईनं पहाटे बागेत जाऊन स्वतःच्या हातानं संत्रे तोडले. एकेक उजेडात धरून पाहिला, डाग असला की बाजूला. टोपली भरली, वर गवत घातलं, फडकं बांधलं. ही टोपली साहेबाची. वाटेत गफ्फारनं कितीदा तरी टोपलीकडं आशेनं पाहिलं. "भाभी, घसा सुकला." "पानी पे." बडनेऱ्याला गाडीत बसल्यापासून ती ओठातल्या ओठात पुटपुटत होती, ओनलीसन, ओनलीसन. समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं हात जोडून विचारलं, "माय, कोणत्या देवाचा जप हाय हा?"

मुंबईत धक्क्यावर उतरली तर जिकडं पाहावं तिकडं खाकी. गोरे शिपाई, काळे शिपाई, डोंगराएवढ्या करड्या आगबोटी.  रेवस बंदराला जाणाऱ्या बोटीत ती चढली ती डोळे घट्ट मिटून, टोपलीवर पालथी पडून, डोक्यावरून पदर ओढून.  समुद्र समुद्र म्हणतात तो बाईंनी त्या प्रवासात पाहिलाच नाही. पुढं बैलगाडी. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास ती दोघं राजेसाहेबांची बाग होती त्या खारशेत नावाच्या गावी पोचली.

गावाच्या तोंडाशी गोदाबाई नावाची एक कोळीण मासे वाळत घालत बसली होती. धिप्पाड, कपाळभर कुंकू, गळ्यात सोन्याची जाड माळ. गफ्फारनं नाकाला रुमाल लावला. माणिकबाई पुढं झाली.

"बाई, अथी भरती कुठी होते?"

गोदाबाईनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. हा काय प्रश्न झाला? "भरती? ती काय, समोरच. सकाली झाली की."

"रोज होते?"

"रोज. दिसाला दोन येला."

माणिकबाईनं टोपली खाली ठेवली. वरुडला महिन्यातून एखादी मोटार यायची, आणि इथं दिवसातून दोनदा! केवढी माणसं लागत असतील लढाईला. "माहा पोट्टा सापडला व त्याच्यात. देवीदास नाव हाय. संत्र्याचे झाडं घेऊन आला होता."

"देवीदास? त्यो बेटाव हाय, शिपायांसंगती. ओटी लागली का येल इकरं."

"ओटी?"

"त मग! ओटी झाल्याबिगार कसा येल? वाटच नाय ना."

माणिकबाई गफ्फारकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर आता काळजीपेक्षा शहाणपण जास्त होतं. "आयकलं, गफ्फारभाऊ? म्या म्हटलंच होतं, फुकट कोणी सोडत नाई."

"पण ओटी कोनाची?"

"सायबाच्या बायकोची असन. मडमेची."

गफ्फार विचारात पडला. "मडम ओटी घेते का, भाभी?"

"एवढे वर्षं अथी राहून राहिल्या, शिकल्या नसतील का!"

पण लगेच तिचा चेहरा पडला. ओटी भरायची सवाष्णीनं. तिचं कुंकू पुसून वीस वर्षं होत आली होती. लेकाला सोडवायची एवढी सोपी वाट सापडली आणि नेमका तिचाच हात चालायचा नाही! ती गोदाबाईच्या पुढ्यात बसली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते तिनं पुसलं नाही.

"बाई, माह्या हातची ओटी चालत नाई. तू भरशीन का, माह्या लेकासाठी? फळं म्या आणले हायेत."

गोदाबाईचे हात थांबले. पोरासाठी खाडीची ओटी भरायला एवढ्या लांबून आलेली आई तिनं पाहिली नव्हती. कोळ्याची बाई ती, असल्या मागणीला नाही कशी म्हणणार? "भरते की, बाय. त्यात काय! तिची ओटी आमी दर साली भरताव."

"रागीट हाय का वं लय?"

"तशी भोली हाय. नारल दिला का खूश. पन चवताललीच त होऱ्या पालथ्या करते."

"बापा!" माणिकबाई गफ्फारच्या कानाशी लागली. "होड्या पालथ्या करते म्हणते. कशी बाई असन?"

"अंग्रेजाची हाय, भाभी. ताकद असते त्याईच्यात."

गोदाबाईनं घरातल्या पेटीतून हिरवा खण काढला, नारळ घेतला, मूठभर तांदूळ घेतले. माणिकबाईनं टोपलीतून पाच उत्तम संत्रे काढून तिच्या सुपात ठेवले. तिघं वाडीतून खाली निघाली. माणिकबाई पदर सावरत होती, केस चापून बसवत होती. मडमेसमोर जायचं म्हणजे नीटनेटकं दिसायला पाहिजे. ओनलीसन, ओनलीसन.

माडांतून बाहेर पडली तर समोर चिखलाचं भलंथोरलं मैदान. पार पलीकडं पाण्याची एक रेघ, तिच्यामागं हिरवंगार बेट, आणि बेटाच्या मागून डोंगरापर्यंत चढत गेलेलं रान. तंबू नाही, खुर्ची नाही, माणूस नाही. गोदाबाई मात्र सरळ चालत खाडीच्या एका ओघळापाशी गेली, वाकली, खण-नारळ पाण्यात सोडला, तांदूळ वाहिले, संत्रे सोडले, हात जोडले. "पोराला सांभाल गो आय," म्हणाली आणि वळून म्हणाली, "झाली बघ ओटी."

"अव, पान्यात काहून टाकलं?" माणिकबाई किंचाळली. "मडमेले दे ना!"

"कंची मडम?"

यावर माणिकबाई काय बोलणार होती कोण जाणे, कारण तेवढ्यात चिखलावरून दोन माणसं येताना दिसली. पुढच्याच्या अंगात खाकी सदरा, हातात लांब काठी. चाल ओळखीची. थोडा पुढं वाकून, मधेच थांबून, मान वर करून आकाशात काही पाहणारी. दुसरं कोण असं चालतं?

माणिकबाईनं टोपली बगलेत मारली आणि पळत सुटली. घोट्यापर्यंत रुतली, एक पाय काढला, दुसरा रुतला, लुगडं चिखलानं माखलं, पण बाई थांबली नाही. मागच्या माणसाच्याही अंगात खाकी होती. हाच साहेब असणार. "ओनलीसन!" ती ओरडली. "सायेब, ओनलीसन!" आणि देवीदासच्या दंडाला दोन्ही हातांनी धरून त्याला स्वतःकडं ओढू लागली.

"माय? तू अथी कशी काय?"

"बोलू नको. सदरा काढ पयले. काढ म्हणते ना! सायेब, ओटी झाली. सोडा माह्या लेकाले."

मागचा साहेब म्हणजे राखीव रानाचा रखवालदार, पोशा नाखवा. पांढऱ्या मिशांचा, अनवाणी. तो एकदा बाईकडं पाहत होता, एकदा टोपलीकडं. "ही काय म्हनते रं, देवीदास?"

"तुले भरतीत घेतलं ना?" माणिकबाई म्हणाली. "दलालाच्या मानसानं सांगतलं. भरतीत सापडला, शिपायांनी होडीत टाकून नेला."

देवीदास तिच्याकडं पाहतच राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला हसू आलं आणि रडूही. "माय, ती लढाईची भरती नव्हे वं. ह्या पान्याची. हे पानी वर चढते ना, त्याले भरती म्हणतात अथी. न उतरते त्याले ओहोटी. हे अथले लोकं बोलण्यात ओटी म्हणतात. मी चिखलात पाखरं पाहत होतो, पानी मांगून आलं. ह्या पोशाकाकानं होडी आणून काढलं मले. कपडे भिजले म्हून आपला सदरा देला, न परत घेतलाच नाई. बागेतलं काम सरलं का मी बेटावर याच्यापाशीच असतो. रानातल्या रखवालदाराले अथी शिपाई म्हणतात."

माणिकबाई ऐकत होती. तिनं प्रथमच मान वर करून नीट पाहिलं. तो सारा पसारा, चिखल, ओघळ, पलीकडची चकाकणारी रेघ. "म्हंजे हे पानी येते?"

"हाव."

"न जाते?"

"हाव, माय. रोज."

"न तू पान्यात सापडला होता. लढाईत नाई."

"नाई वं माय. लढाईत कुठी जातो मी?"

माणिकबाईनं त्याच्या गालावर एक चापट दिली. चांगली सणसणीत. मग ती तिथंच चिखलात फतकल मारून बसली आणि रडायला लागली. इतक्या दिवसांचं, इतक्या वर्षांचं, हमसून हमसून. रडता रडता तिला मडम आठवली आणि ती हसायला लागली. तिचा जीव असा भांड्यात पडला की तो आवाज गोदाबाईलाही ऐकू गेला असावा, कारण तीही काठावर बसून पोट धरून हसत होती. गफ्फार जोडे हातात घेऊन चिखलातून आला, सारा प्रकार ऐकला आणि कपाळावर हात मारला.

"या अल्ला! हम समंदर को रिश्वत देने आए थे?" आणि मग टोपलीकडं बोट दाखवून म्हणाला, "भाभी, आता तरी एक संत्रा दे ना."

त्या दिवशी गफ्फारनं किती संत्रे खाल्ले ते कोणी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता देवीदास आईला होडीत घालून राखीव रानात घेऊन गेला. राजेसाहेबांचं रान ते. बंदूक नाही, जाळं नाही, कुऱ्हाड नाही, असा तिथला कायदा. माणिकबाईनं डोळे मिटून घेतले होते, पण देवीदास म्हणाला, "माय, उघड ना, काई होत नाई," तेव्हा तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा. खाडीच्या दोन्ही काठांना तिवरांची झाडं चिखलात मुळं रोवून उभी होती. त्यांच्या बुडाशी बोटाएवढे मासे चिखलावर टुणटुण उड्या मारत होते.

"अव माय! मासा चालून राहिला?"

"निवट्या म्हणतात त्याले."

"पान्यात ऱ्हायचं सोडून बाहेर काय करते मेला?" तिला फार हसू आलं. पोरीबाळींत हसायची तसं ती हसली. देवीदासनं आईला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

वर माडाएवढ्या उंच वाळक्या झाडावर पांढऱ्या छातीचा एक गरुड बसला होता. काकण म्हणतात त्याला तिकडं. पंजात साप धरून सावकाश खात होता, खाली होडी गेली तरी त्यानं पाहिलं नाही. "केवढा मिजासी," माणिकबाई म्हणाली, आणि आपणही लेकासारखं पाखराकडं पाहत बसलो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

खाडीच्या मुखाशी उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची रांग उभी होती. लांब गुलाबी पाय, वाकडी चोच पाण्यात, सगळ्यांच्या माना खाली. देवीदासनं वल्हं थांबवलं. त्याचा आवाज आपोआप खाली आला. "याईच्याच मांगं फसलो होतो, माय. ते हळूहळू काठाकडं सरकत होते, म्हून मीबी सरकलो. मले वाटलं, चरत चरत सरकून राहिले. मांगून पानी येते म्हून सरकून राहिले, हे मले कुठी ठाऊक! तो पाह्य, मांगचा. त्याचा पाय लंगडा हाय. बाकीचे त्याच्यासाठी थांबतात."

माणिकबाईनं पाहिलं. खरंच, रांगेच्या शेवटी एक होता, खुरडत येणारा, आणि त्याच्या अलीकडचे दोघं थांबले होते. बागेतला तो दिवस तिला आठवला. तिनं होडीत बसल्या बसल्या लेकाच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

बेटाच्या समुद्राकडच्या बाजूला वाळू होती. तिथं पोशा नाखवा काट्यांच्या एका कुंपणापाशी उकिडवा बसला होता. कुंपणात कासवीनं अंडी घातली होती, आणि आज ती फुटत होती. वाळू हलायची, खचायची, आणि मुठीत मावतील एवढी काळपट पिल्लं वल्ह्यांसारखे पाय मारत वर यायची. पोशानं समुद्राकडची काटेरी फांदी बाजूला केली. पिल्लं निघाली. पाण्यापर्यंत जेमतेम बैलगाडीच्या दोन-चार लांब्या, पण त्या जिवांना तो मुलूख केवढा! आणि वर कावळे जमायला लागले होते.

एक कावळा खाली झेपावला. माणिकबाईच्या तोंडून बागेतली आरोळी निघाली. "हाऽऽ हुर्रर्र! मेल्या, मुडद्या, हो तिकडे!" ती आरोळी अशी होती की पोशाच्या हातातली फांदी सुटली आणि डोंगरापर्यंतची पाखरं उठली. तिनं ओल्या वाळूचं ढेकूळ उचललं आणि दुसऱ्या कावळ्याला अचूक मारलं. राघूंनी जन्मभर तालीम दिली होती, ती आज कामी आली. पिल्लांच्या बाजूनं ती पाण्यापर्यंत चालत गेली, पदर फडकवत, शिव्या देत. शेवटचं पिल्लू लाटेत गेलं तेव्हा ती घामाघूम झाली होती.

"बाय, तुला राजेसाहेबांकरं नोकरीलाच लावतो," पोशा म्हणाला.

"पगार तुले झेपणार नाई," माणिकबाई म्हणाली. मग तिनं विचारलं, "हे परत येतात का हो, नाखवा?"

"येतात. माद्या येतात. मोठ्या झाल्या का ह्याच किनाऱ्याव येतात, अंडी घालाया. लय वर्सानं, पन येतात."

माणिकबाई उभी राहून समोर पाहत होती. आता पाणी चढत होतं, लाट दर वेळी थोडी पुढं यायची. "बसरा कुठी आला?" तिनं विचारलं.

देवीदासनं मान वळवली. पोशानं हात लांब केला, क्षितिजाकडं. "बसरा? ह्याच पान्यानं जायाचं. मुंबैच्या आगबोटी ह्याच वाटनं जातान."

बरोबर आणलेल्या टोपलीच्या तळाशी गवतात एक संत्रा उरला होता. गफ्फारच्या तावडीतून कसा सुटला कोण जाणे. माणिकबाईनं तो घेतला, पदरानं पुसला, घोट्याएवढ्या पाण्यात गेली. "किसनदादा," ती म्हणाली, "माह्या बागेचा हाय. घे." आणि हाताला होता तेवढा जोर लावून फेकला.

संत्रा पाण्यावर दिसत राहिला. वर गेला, खाली गेला. मग एका लाटेनं त्याला उचललं आणि वाळूवर आणून, घरंगळवत, थेट तिच्या पायाशी सोडला.

माणिकबाईनं उचलला आणि परत फेकला. जरा वेळानं तो परत आला.

"भरती हाय ना, माय," देवीदास हळूच म्हणाला. "ती आणूनच देते."

माणिकबाईनं तो ओला संत्रा दोन्ही हातांत धरला.  मग तो लेकाच्या हातात दिला.

"घे. मामानं धाडला."

देवीदासनं सोलला, एक फोड तोंडात टाकली. "खारट लागते, माय."

"लागन," माणिकबाई म्हणाली. "लय दुरून आला. खाय सगळा."